ऑर्लँडोचे पाच दिवस: जुन्या राइड्स गेल्या, त्यांच्या जागी काय आलं

दिवाळी उरकल्यापासून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंतचे आठवडे फ्लोरिडातल्या थीम पार्कांसाठी त्यातल्या त्यात बरे. जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी विजा कडाडतात आणि उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवाव्या लागतात. तो त्रास नोव्हेंबरात फारसा नसतो. खालचा बेत नोव्हेंबर २०२५ मधला आहे: चार दिवस डिस्नीची चार पार्क आणि पाचवा दिवस युनिव्हर्सल.

ऑर्लँडोला १९९० च्या दशकात जाऊन आलेल्या नातेवाइकांकडून माहिती घेतली तर निम्मी आता लागू पडत नाही. ते हौसेने ज्यांची नावं सांगतात त्या राइड्स पाडल्या गेल्या किंवा त्यांच्या अंगावर एखादा सिनेमा चढवला गेला. ‘सगळीकडे सिनेमे घुसवले’ ही तक्रार तिथल्या जुन्या चाहत्यांकडून कायम ऐकू येते, पण ती अर्धीच खरी आहे, कारण गेलेल्या राइड्सपैकी कित्येक स्वतःच सिनेमावर बेतलेल्या होत्या. फरक पडला तो मिनिटांत आणि खुर्च्यांत. गेल्या त्यांतल्या बऱ्याच राइड्स लांबलचक, थंडगार, एका वेळी शेकडो माणसं पोटात घेणाऱ्या आणि उंचीची अट नसलेल्या होत्या. आल्या त्या बहुतेक पाच मिनिटांच्या आत संपणाऱ्या. बरोबर आजी-आजोबा किंवा चार वर्षांचं पोर असेल, तर दिवस आखताना आधी हाच हिशेब मांडावा लागतो.

रांग टाळण्याचं तिकीट म्हणजे लाइटनिंग लेन. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. मल्टी पासमध्ये तीन राइड्सच्या वेळा आधीच धरता येतात, आणि एक वापरली की पुढची घेता येते. सर्वांत मागणी असलेल्या राइड्ससाठी सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी ७ वाजता बुकिंग उघडतं. पुण्यात बसून हे काम करायचं तर हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. घड्याळ पाहूनच बसा. दहा मिनिटं उशीर झाला तरी ‘फ्रोझन’च्या राइडची सकाळची वेळ हातची जाते.

पहिला दिवस: मॅजिक किंगडम

गाडीने गेलात तर पार्किंगपासून पार्कच्या दारापर्यंत मोनोरेल किंवा फेरीबोट घ्यावी लागते. गाडी लावल्यापासून आत पाऊल टाकेपर्यंत पाऊण तास धरावा. नोव्हेंबरात इथे काही रात्री वेगळ्या तिकिटाची ख्रिसमस पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावर संध्याकाळी ६ ला बाहेर पडावं लागतं. म्हणून पुष्कळ लोक तो दिवस टाळतात आणि दिवसभर गर्दी कमी राहते. रात्रीच्या आतषबाजीचा मोह नसेल तर हाच दिवस निवडावा.

सगळ्यात जास्त वाद झाला तो टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचरवरून. इथे १९९२ पासून स्प्लॅश माउंटन होती, तिचा शेवटचा दिवस २२ जानेवारी २०२३. ती १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या सिनेमावर बेतलेली होती. यादवी युद्धानंतरच्या जॉर्जियातल्या मळ्यावरचं कृष्णवर्णीयांचं आयुष्य गोडगुलाबी करून दाखवल्याबद्दल त्या सिनेमावर इतकी टीका झाली की डिस्नीने अमेरिकेत तो घरगुती व्हिडिओवर कधीच आणला नाही. जून २०२० मध्ये बदल जाहीर झाला आणि २८ जून २०२४ ला २००९ च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’वरची नवी राइड उघडली. म्हणजे इथे सिनेमा जाऊन सिनेमाच आला.

पाण्याचा पाट, चढ, वळणं आणि शेवटचा सुमारे ५० फुटांचा कडा, सगळं जुनंच आहे. ओंडक्यासारख्या बोटीत दोघं-दोघं बसतात आणि मांडीवर दांडा येतो. उंचीची अट ४० इंच, म्हणजे १०२ सेंटिमीटर. वेळही जुन्याइतकाच, दहा-अकरा मिनिटं. हलत्या-बोलत्या बाहुल्या, ज्यांना तिथे अ‍ॅनिमॅट्रॉनिक म्हणतात, त्या मात्र सगळ्या नव्या. टियानाच्या चेहऱ्याची हालचाल इतकी सहज आहे की जुन्या राइडमधला ससा तिच्यापुढे लाकडी वाटावा.

कच्चा दुवा गोष्टीत आहे. जुन्या राइडमध्ये कोल्हा सशाला पकडतो, चढावर गिधाडं हिणवतात आणि मग बोट कोसळते. कडा कशासाठी ते पोटात गोळा येण्याआधीच कळलेलं असतं. नव्या गोष्टीत टियाना मार्दी ग्रा या उत्सवासाठी वादक शोधते आहे. खलनायक नाही, धोका नाही. वाटेत मामा ओडी ही मांत्रिक बाई मंत्र घालून आपल्याला बेडकाएवढं करते आणि पुन्हा मोठं करण्याच्या निमित्ताने कड्यावरून सोडते. मधल्या दोन-तीन वळणांवर नुसतं पाणी आणि झाडं आहेत. शेवटचा जल्लोषाचा देखावा छान आहे, पण कडा त्या गोष्टीला उपरा वाटतो तो वाटतोच.

नोव्हेंबरात सकाळी नऊला हवा गार असते आणि पुढच्या सीटवरचा माणूस चांगला भिजतो. म्हणून मल्टी पासची वेळ दुपारी १ ते ३ मधली घ्या, कपडे उन्हात वाळतात. पास नसेल तर उघडल्याबरोबर गाठा. हॉटेलवाल्यांचा अर्धा तास आधीचा प्रवेश पार्कच्या या भागाला लागू नाही, त्यामुळे नऊला सगळे एकाच रेषेवर असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ही राइड वारंवार बंद पडत होती, आणि आजही दिवसातून एखादा खोळंबा होऊ शकतो. तुमच्या वेळेला बंद असेल तर तोच पास आपोआप दुसऱ्या राइड्सना चालेल असा होतो. अ‍ॅपमध्ये तपासा, रांगेत उभं राहून वाद घालण्याची गरज नसते.

टियानाच्या शेजारी सध्या बांधकामाच्या भिंती आहेत. रिव्हर्स ऑफ अमेरिका नावाची कृत्रिम नदी, तिच्यातली वाफेची मोठी बोट आणि टॉम सॉयर बेट, हे तिन्ही ६ जुलै २०२५ ला कायमचं बंद झालं. तिथे ‘कार्स’ सिनेमाचा विभाग येतो आहे. नदी १९७१ पासूनची, बोट आणि बेट १९७३ चं. बोटीला ना रांग लागायची ना उंची. वीसेक मिनिटं वारा खात बसता यायचं. बेटावर गुहा, पूल आणि लाकडी किल्ला होता. पोरं पळायची आणि मोठी माणसं आरामखुर्चीत. आकड्यांच्या कोष्टकात अशी जागा नेहमी ‘कमी लोकप्रिय’ दिसते, कारण तिची रांगच नसते. पण भर दुपारी तिथे गेलेली माणसं दुसऱ्या कुठल्या तरी रांगेतून कमी झालेली असतात. ती माणसं आता हाँटेड मॅन्शनच्या रांगेत उभी आहेत.

बसायची सोय अजून कुठे शिल्लक आहे तेही ध्यानात ठेवा. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हे १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेलं फिरतं नाट्यगृह आहे, वीस मिनिटांचं. हॉल ऑफ प्रेसिडेंट्स त्याहून थोडं लांब. पीपलमूव्हर ही सावकाश फिरवून आणणारी गाडी दहा मिनिटांची, उंचीची अट नाही. फक्त सरकत्या पट्ट्यावरून चढावं लागतं, तेव्हा गुडघ्याचं दुखणं असेल तर सांभाळून. अस्वलांचा कार्यक्रम १९७१ चा. जुलै २०२४ पासून अस्वलं तीच, पण गाणी डिस्नीच्या सिनेमांची. हा बदल मात्र जमला आहे, कारण यंत्रं आणि विनोदाचा बाज तसाच ठेवला.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा. एन्चँटेड टिकी रूम हा गाणाऱ्या पक्ष्यांचा जुना कार्यक्रम. १९९८ मध्ये त्यात ‘अलादीन’मधला इयागो आणि ‘लायन किंग’मधला झाझू घुसवले. प्रेक्षकांना ते रुचलं नाही. जानेवारी २०११ मध्ये तिथे छोटी आग लागली, इयागोच्या बाहुलीचं नुकसान झालं, आणि डिस्नीने ती दुरुस्त करण्याऐवजी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुना कार्यक्रम थोडा आखडून परत आणला. सिनेमा काढून मूळ गोष्ट परत आल्याचं हे इथलं जवळपास एकमेव उदाहरण. त्यालाही आग लागावी लागली!

निघण्याआधी विनी द पूची राइड घ्या. या जागी १९९८ पर्यंत मिस्टर टोड नावाच्या बेडकाची राइड होती. ती वाचवायला चाहत्यांनी पार्कात येऊन निदर्शनं केली होती, तरी सप्टेंबर १९९८ मध्ये राइड बंद झाली आणि जून १९९९ मध्ये पू आला. घुबडाच्या घराच्या देखाव्यात डावीकडच्या भिंतीवर एक चौकट आहे. टोड घराची कागदपत्रं घुबडाच्या हाती देतो आहे. गाडी तिथून झपकन पुढे जाते, म्हणून आत शिरल्याबरोबर डावीकडे मान वळवून बसा. त्याच टोडचा छोटा पुतळा हाँटेड मॅन्शनच्या बाहेर पडायच्या वाटेवरच्या प्राण्यांच्या दफनभूमीत, मागच्या बाजूला आहे.

दुसरा दिवस: एपकॉट

एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलं तेव्हा त्यात सिनेमाची एकही राइड नव्हती. ऊर्जा, वाहतूक, शेती, १९८६ पासून समुद्रही, असे विषय, आणि प्रत्येकाला एक प्रायोजक कंपनी. इथला बदल समजायला हा पैशाचा धागा पुरेसा आहे. ऊर्जेच्या दालनाचा खर्च एक्सॉन उचलत होती, ती २००४ मध्ये बाहेर पडली. समुद्राचा प्रायोजक युनायटेड टेक्नॉलॉजीज १९९८ मध्ये गेला. भविष्यातल्या घरांची सफर घडवणारी होरायझन्स ही राइड जनरल इलेक्ट्रिकने १९९३ मध्ये सोडली. ती १९९९ मध्ये बंद झाली. नॉर्वेच्या दालनाला सरकारी मदत २००२ पर्यंत मिळाली. देखभालीचे पैसे बाहेरून यायचे थांबले की कंपनीच्या आतला दाता उरतो, तो म्हणजे सिनेमा. उलट टेस्ट ट्रॅक या मोटारींच्या राइडचा प्रायोजक जनरल मोटर्स अजून टिकून आहे आणि त्या राइडला आजही सिनेमा चिकटलेला नाही. जुलै २०२५ मध्ये ती नव्याने उघडली, तेव्हा १९८२ च्या मूळ राइडचेच धागे त्यात पुन्हा विणले.

सकाळी पार्क उघडताच नॉर्वे गाठायचं. देशांच्या दालनांचा बराचसा भाग ११ ला उघडतो, पण फ्रोझन आणि फ्रान्समधली रॅटाटूई सकाळपासून चालू असतात. फ्रोझन एव्हर आफ्टर २१ जून २०१६ ला उघडली आणि पहिल्याच दिवशी पाच तासांची रांग लागली. त्याआधी इथे १९८८ ते ५ ऑक्टोबर २०१४ मेलस्ट्रॉम होती: व्हायकिंग, तीन डोक्यांचा ट्रोल, उत्तर समुद्रातलं तेलाचं फलाट. मग नॉर्वेवरचा छोटा माहितीपट.

पातेलं तेच, भाजी दुसरी, असा हा प्रकार आहे. बोटी त्याच, पाट तोच. चढ, मग बोट उलटी मागे जाणं, मग फिरून छोटीशी घसरण. पूर्वी ट्रोल शाप देऊन बोट मागे ढकलायचा, आता गाणं म्हणता म्हणता एल्सा ढकलते. अडचण अशी की जिथे बोट दिशा बदलते तिथे एका वेळी एकच बोट राहू शकते, म्हणून दोन बोटींमधलं अंतर मनाला येईल तसं कमी करता येत नाही. मेलस्ट्रॉमला मध्यम गर्दी असायची तेव्हा हे खपून गेलं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या अ‍ॅनिमेशनपटांपैकी एकाला तीच यंत्रणा अपुरी पडणार हे उघड होतं. शिवाय माहितीपट काढल्याने तिथे बसणारी माणसंही रांगेत आली. राइड पाच मिनिटांची आहे. त्यासाठी तासाभराहून जास्त उभं राहू नये. एक तर सकाळी पहिल्या पंधरा मिनिटांत, नाही तर पास.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. बाकीची दालनं खऱ्या देशांची आणि नॉर्वेत मात्र अरेंडेल नावाचं काल्पनिक राज्य. खरं नॉर्वे हवं असेल तर लाकडी स्टेव्ह चर्चमध्ये शिरा. आत छोटं प्रदर्शन आहे, रांग नाही. फ्रान्समधली रॅटाटूई २०२१ मध्ये आली, पण काहीही न पाडता, दालनाच्या मागे नवी इमारत बांधून. टोकियो डिस्नीसीमध्येही जून २०२४ मध्ये फ्रोझनसाठी सगळं नवीन बांधलं. तक्रार सिनेमाबद्दल कमी आणि काटकसरीबद्दल जास्त का असते, ते या दोन उदाहरणांवरून कळतं.

ऊर्जेच्या दालनाचं झालं ते मात्र अगदी टोकाचं. युनिव्हर्स ऑफ एनर्जीमध्ये नाट्यगृहाच्या खुर्च्यांचेच सहा तुकडे व्हायचे. सुमारे शंभर माणसांची एक, अशा त्या सहा गाड्या जमिनीत पुरलेल्या तारेच्या इशाऱ्यावर हलत डायनासोरांच्या जंगलातून जायच्या. छतावर सौरपट्ट्या होत्या आणि कार्यक्रम ४५ मिनिटांचा. १३ ऑगस्ट २०१७ ला तो संपला. २७ मे २०२२ ला गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी: कॉस्मिक रिवाइंड आली. जुन्या इमारतीत आता रांग आणि पूर्वरंग आहे, खरी राइड मागच्या अवाढव्य खोक्यात. उंची ४२ इंच, म्हणजे १०७ सेंटिमीटर. वेळ साडेतीन मिनिटांच्या आसपास.

यंत्र म्हणून ही राइड अव्वल आहे. सुरुवातीचा झटका मागच्या दिशेने बसतो आणि पुढे प्रत्येक डबा गोष्ट घडते त्या बाजूला स्वतः वळत राहतो. सहा गाण्यांपैकी कुठलं वाजेल ते नशीब. पण डबा फिरणं, अंधार आणि भोवतालचे पडदे या तिन्हींमुळे ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना इथे हमखास मळमळतं. भरल्या पोटी बसू नका आणि नजर पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवा. रांग टाळायची तर सिंगल पास लागतो. न बसणाऱ्यांनी तो वेळ समोरच्या स्पेसशिप अर्थमध्ये काढावा. तो मोठा गोल १९८२ पासूनचा, उंचीची अट नाही, निवेदन जूडी डेंचचं.

समुद्राच्या दालनात आता नीमो आहे. मूळ मत्स्यालय तेच, ५७ लाख गॅलनचं. शिंपल्याच्या गाडीत बसायचं नसेल तर दुकानाच्या बाजूने सरळ मत्स्यालयात जाता येतं. ही वाट पुष्कळांना माहीत नसते. दुपारी दीड-दोनला बसायला, थंड व्हायला आणि मुलांना मासे दाखवायला सगळ्या पार्कात याहून चांगली जागा नाही.

जेवणाबद्दल एवढंच: डिस्नीच्या मेन्यूत हिरव्या पानाची खूण म्हणजे दूध-अंडंही नसलेला पदार्थ. चीज पिझ्झा, मॅक अँड चीज यांना ती खूण नसते, म्हणजे खूण नाही म्हणून मांसाहारी असं समजू नका. विचारा.

तिसरा दिवस: हॉलिवुड स्टुडिओज

पार्क १९८९ चं. उघडलं तेव्हा इथे खरोखर चित्रीकरण चालायचं आणि ते दाखवणं हाच मुख्य कार्यक्रम होता. पडद्यामागची ट्राम सफर २०१४ मध्ये आणि गाड्यांच्या कसरतींचा कार्यक्रम २०१६ मध्ये बंद झाला. त्या पट्ट्यात २०१८ मध्ये टॉय स्टोरी लँड आणि २०१९ मध्ये स्टार वॉर्सचं गॅलक्सीज एज आलं. सिनेमा कसा बनतो हे दाखवणारं पार्क सिनेमाच्या आत नेऊन सोडणारं पार्क झालं. त्याबद्दल फार गळा काढण्यात अर्थ नाही. ट्राम सफर शेवटी शेवटी रिकाम्या शेडमधूनच फिरत होती.

ग्रेट मूव्ही राइडचं दुःख मात्र रास्त आहे. हॉलिवुडच्या चायनीज थिएटरची प्रतिकृती, तिच्यात २२ मिनिटांची सफर, ‘कासाब्लांका’पासून ‘एलियन’पर्यंतचे देखावे. गाडीवर जिवंत माणूस निवेदन करायचा आणि मधेच एक गुंड किंवा दरोडेखोर गाडी पळवायचा. तो चांगला नट असेल त्या दिवशी राइड वेगळीच व्हायची. १३ ऑगस्ट २०१७ ला ती एपकॉटच्या ऊर्जा दालनाबरोबर एकाच दिवशी बंद झाली. ४ मार्च २०२० ला तिच्या जागी मिकी अँड मिनीज रनअवे रेल्वे आली.

नवी राइड चांगली आहे. रुळांवरची आगगाडी वाटणारे डबे एका क्षणी सुटतात आणि चौघे चार वाटांनी जमिनीवर आपापले फिरतात. रूळ नाहीतच. उंचीची अट नाही, झटके नाहीत. आजी आणि नातू शेजारी बसतील अशी राइड हवी असेल तर या पार्कात पहिली पसंती हिला. एक डबा अडला की सुरक्षिततेसाठी बाकीचेही थांबवावे लागतात, म्हणून ती मधूनमधून बंद दिसते. अर्ध्या तासाने पुन्हा डोकवा.

मपेट्स या जिम हेन्सनने घडवलेल्या बाहुल्यांची कथा चालू आहे. मपेट व्हिजन थ्रीडी १९९१ मध्ये उघडलं, जिम हेन्सनच्या मृत्यूनंतर वर्षभराने. दिग्दर्शन त्याचंच. ७ जून २०२५ हा त्याचा शेवटचा दिवस. तिथे ‘मॉन्स्टर्स इंक’चा विभाग होणार आहे. मपेट्सना २०२६ मध्ये रॉक अँड रोलर कोस्टरवर हलवणार असल्याचं जाहीर झालं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे एरोस्मिथ हा बँड होता. २.८ सेकंदांत ताशी ५७ मैलांचा झटका आणि ४८ इंचांची अट तशीच राहणार. बिनअटीचा बसायचा कार्यक्रम गेला आणि पात्रं अशा राइडवर गेली जिथे त्यांचे सर्वांत लहान चाहते बसू शकत नाहीत, हे गणित काही पटत नाही.

टॉवर ऑफ टेरर ही कोसळणाऱ्या लिफ्टची राइड फ्लोरिडात शाबूत आहे. कॅलिफोर्नियातली तिची बहीण जानेवारी २०१७ मध्ये बंद करून त्याच वर्षी २७ मेला तिथे गार्डियन्स आणले. तिथली इमारत सोपी होती, लिफ्ट एकाच खांबातून वरखाली. फ्लोरिडात गाडी वर जाऊन लिफ्टमधून बाहेर पडते, अंधारातून आडवी सरकते आणि मग दुसऱ्या खांबात शिरते. ते सगळं नव्या गोष्टीत बसवणं जिकिरीचं. हक्कांचाही मामला आहे: मार्व्हलच्या मुख्य पात्रांचे मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचे थीम पार्क हक्क १९९० च्या दशकातल्या करारापासून युनिव्हर्सलकडे आहेत, म्हणून डिस्नीच्या फ्लोरिडातल्या पार्कांत स्पायडरमॅनची राइड दिसत नाही. गार्डियन्स त्या करारातून निसटले, म्हणून एपकॉटला मिळाले.

चौथा दिवस: अ‍ॅनिमल किंगडम

हलका दिवस. डायनासोर या राइडला शेवटचं भेटायची ही संधी होती, कारण तिचा शेवटचा दिवस १ फेब्रुवारी २०२६ असा ठरला होता. तिच्या जागी इंडियाना जोन्स येणार, २०२७ मध्ये. १९९८ मध्ये ती काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन नावाने सुरू झाली. २००० मध्ये डिस्नीचा ‘डायनासोर’ सिनेमा आला तेव्हा तिचं बारसं पुन्हा झालं. तिची हादरत चालणारी गाडी आणि मार्ग कॅलिफोर्नियातल्या १९९५ च्या इंडियाना जोन्स राइडवरूनच घेतलेले आहेत, त्यामुळे हा बदल यंत्राच्या दृष्टीने घरवापसी आहे. उंचीची अट ४० इंच होती.  मागच्या ओळीत हादरे जास्त बसायचे.

ट्री ऑफ लाइफ या प्रचंड कृत्रिम झाडाच्या बुंध्यातला किड्यांचा थ्रीडी कार्यक्रम मार्च २०२५ मध्ये संपला. ७ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे ‘झूटोपिया’ सिनेमावरचा कार्यक्रम आहे. जुन्या कार्यक्रमात अंधार आणि खुर्चीतून टोचणारे किडे यामुळे दर खेळाला दोन-चार मुलं रडत बाहेर पडायची. नवा सौम्य आहे, आणि तेवढाच विसरण्याजोगाही. लायन किंगचा गाण्यांचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा, बसून पाहायचा, चुकवू नका.

संध्याकाळी अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधल्या साना या रेस्टॉरंटात नान, कुलचा, पराठा असे पाच प्रकार आणि नऊ चटण्या-लोणच्यांचं ताट मिळतं. खिडकीबाहेर जिराफ. पार्कचं तिकीट लागत नाही. चार दिवस फ्राइज खाल्लेल्या जिभेला आंब्याची चटणी भेटते, आरक्षण मात्र आधी करा.

पाचवा दिवस: युनिव्हर्सल

डिस्नीपेक्षा इथे पाडापाड जास्त निर्दयपणे होते, पण गेलेल्याची खूणही आवर्जून ठेवतात. त्या शोधत फिरण्यात अर्धा दिवस मजेत जातो. हॉगवर्ट्स एक्स्प्रेस दोन पार्कांमधून धावते, म्हणून दोन्हींचं तिकीट असेल तरच तीत बसता येतं.

सकाळी आधी आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर, आणि तिथे सरळ हॅग्रिडची मोटरसायकल. या जागी १९९९ पासून ड्युएलिंग ड्रॅगन्स होते: खाली लटकणारे दोन कोस्टर, एकाच वेळी सुटून एकमेकांच्या अगदी जवळून जाणारे. २०१० मध्ये त्यांना हॅरी पॉटरचा अंगरखा घालून ड्रॅगन चॅलेंज केलं. २०११ मध्ये खिशातून उडालेल्या वस्तूंनी इजा झाल्यावर दोघांना एकत्र सोडणं थांबवलं आणि राइडचा प्राणच गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये बंद, जून २०१९ मध्ये हॅग्रिड. आधी अंगरखा, मग हातोडा. नवी मात्र जुनीपेक्षा सरस आहे: सात वेळा झटका देऊन वेग, एका जागी रुळासकट सरळ खाली पडणं, मोटरसायकल आणि साइडकार अशा दोन वेगळ्या सीट. ४८ इंच. ही अनेकदा उशिरा उघडते. तसं झालं तर थांबू नका, संध्याकाळी या.

दुपारनंतर युनिव्हर्सल स्टुडिओज. हॅरी पॉटरच्या डायगन अ‍ॅली या गल्लीच्या जागी पूर्वी ‘जॉज’ या शार्कवरच्या सिनेमाच्या राइडचं तळं होतं. १९९० मध्ये पार्क उघडलं तेव्हा पाण्याखालचे शार्क सतत बंद पडायचे. राइड काढून नव्याने बांधली आणि १९९३ मध्ये पुन्हा सुरू केली. २ जानेवारी २०१२ ला ती संपली, ८ जुलै २०१४ ला डायगन अ‍ॅली उघडली. इथेही गेला तो जिवंत माणूस: बोटीचा कप्तान, बंदूक हातात घेऊन ओरडणारा. गल्लीपुढे लंडनचा देखावा उभा आहे, त्याच्या दर्शनी भिंतींत आत जायच्या दाराची पाटी नाही. विटांच्या फुटलेल्या भिंतीमागून वळा. आत शिरण्याआधी त्या देखाव्यातल्या रेकॉर्डच्या दुकानाची काच पाहा. द क्विंट ट्रिओ या नावाची तबकडी ही जॉजमधल्या क्विंट या मच्छीमाराची आठवण. टांगलेला शार्क सॅन फ्रान्सिस्को भागात फोटोसाठी अजून आहे.

रिव्हेंज ऑफ द ममीची इमारत २००२ पर्यंत किंग काँगची. २००४ मध्ये ममी आली. सुरुवातीच्या खजिन्याच्या दालनात सोन्याचा छोटा काँग ठेवलेला आहे. एकट्याने बसायची वेगळी रांग इथे वेगाने सरकते, पण बॅग लॉकरमध्ये ठेवावीच लागते. काँग स्वतः २०१६ मध्ये शेजारच्या पार्कात परतला. सिम्पसन्सच्या जागी २००७ पर्यंत बॅक टू द फ्युचर होती. रांगेतल्या व्हिडिओत डॉक ब्राउन दिसतो. रिप राइड रॉकिट हा कोस्टर ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाला, तिथे फास्ट अँड फ्युरियसचा नवा कोस्टर २०२७ मध्ये येणार. त्या बाजूला आता फक्त क्रेन.

ई.टी. अ‍ॅडव्हेंचर ही ७ जून १९९० च्या पहिल्या दिवसापासून टिकलेली इथली एकमेव राइड. ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर. सायकलवर बसता येत नसेल तर बाकासारख्या सीटचा वेगळा डबा मागा, व्हीलचेअरवरच्या आजोबांनाही तोच सोयीचा. आत शिरताना कर्मचारी प्रत्येकाचं नाव विचारून कार्ड देतो, आणि शेवटी ई.टी. त्या नावाने निरोप घेतो. ज्ञानेश्वर, मृण्मयी अशी नावं त्या यंत्राच्या जिभेवर बसत नाहीत. सोनू, मीना असं घरचं छोटं नाव सांगावं, आणि कार्ड चढताना परत द्यायला विसरू नये, नाही तर निरोप भलत्याच कुणाच्या नावाने ऐकावा लागतो.